‘घरं नकोत, गाळे हवेत’ असा ठराव तर झाला, आता पुढे?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकपासून बारा-तेरा किलोमीटरवर, दिंडोरीच्या अंगाला एक गाव, वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. एसटी थांब्याला लागून चार एकर मोकळं रान आहे. मूळ मालकाने ते बिल्डरला दिलं आणि तिथे १६० फ्लॅट होणार असं कळतं. त्याच रानाच्या कडेला गावचा आठवडे बाजार भरतो, टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या पिकअप उभ्या राहतात, चार-पाच टपऱ्याही आहेत. ग्रामसभेने एकमताने ठराव केला की गृहप्रकल्प नको. त्या जागी दुकानं, गाळे, बाजाराचे ओटे आणि पॅकहाऊस व्हावं. बिल्डर म्हणतो, ठरावाला विचारतो कोण. तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: प्रकल्प थांबवता येईल का, आणि तिथे धंदे आणता येतील का.

पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, पण तुम्ही धरलेल्या वाटेने नाही.

नगररचनेच्या कामात मला एकतीस वर्षं झाली. निम्मी सरकारी टेबलामागे गेली, निम्मी टेबलासमोरच्या खुर्चीत. टेबलामागे असताना असे ठराव पुष्कळ आले. मानाने आवक नोंद व्हायची, फाईलला टाचले जायचे, ‘अवलोकन केले’ असा शेरा पडायचा आणि फाईल पुढे सरकायची. तो शेरा मीही मारलाय. आज त्याची लाज वाटत नाही, कारण त्या ठरावांत करण्यासारखं काही लिहिलेलंच नसायचं. ‘गावाचा तीव्र विरोध आहे’ या वाक्यावर अधिकारी काय कारवाई करणार?

ग्रामसभेचा अधिकार मोठा आहे. वर्षाला किमान चार सभा, १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती, आधी महिलांची सभा, हे सगळं ग्रामपंचायत कायद्यात आहे. पण कुठल्या जमिनीवर काय उभं राहायचं हे त्या कायद्याने ठरत नाही. ते ठरतं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या आराखड्यावरून. महापालिकेच्या हद्दीबाहेर तुमच्यासारख्या गावांत बांधकामाची परवानगी आता नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण पाहतं. जमीन रहिवासी पट्ट्यात असेल आणि नकाशा नियमात बसत असेल, तर ‘गावाला नकोय’ एवढ्या कारणावर परवानगी नाकारता येत नाही. नाकारलीच, तर बिल्डर कलम ४७ खाली अपिलात जाईल आणि परवानगी घेऊन येईल. गंमत म्हणजे परवानगी दिली म्हणून गावाला त्या कलमाखाली अपील नाही. ते फक्त अर्जदारासाठी आहे. गावाला राहते उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिथे नियम कुठे मोडला ते दाखवावं लागतं. राग दाखवून चालत नाही.

‘त्याचं एनए (शेतजमीन अकृषिक करणं) कसं होतं तेच बघतो’ असंही तुमच्याकडे कुणीतरी म्हणत असेल. प्रत्येक गावात तसा एकजण असतोच. त्याला सांगा की महसूल संहितेत कलम ४२-ड आलं तेव्हाच ही वाट बंद झाली. आराखड्यात अकृषिक वापराला दाखवलेली, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन अकृषिक झाल्याचं त्यात मानलं गेलं. लागू असेल ते शुल्क भरायचं. एसटी थांब्याजवळचं रान बहुतेक त्या २०० मीटरांतच पडेल. तलाठ्याकडे अडवण्याचे दिवस गेले.

म्हणून सगळ्यात आधी त्या गटाचा झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या पट्ट्यात आहे त्याचा कागद, आणि भाग नकाशा काढा. खर्च किरकोळ आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ गावांनी मोर्चा काढून झालेला असतो आणि झोन दाखला काढलेला नसतो. रान हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात निघालं तर चित्रच पालटतं: १६० फ्लॅटसाठी बिल्डरला पट्टा बदलून घ्यावा लागेल, त्यासाठी जाहीर नोटीस निघेल, हरकती मागवल्या जातील, आणि तिथे तुमच्या शब्दाला खरोखर वजन येईल. रान पिवळं, म्हणजे रहिवासी निघालं, तर पुढचं वाचा. मी ते पिवळंच धरून चाललोय.

आता ज्या भीतीपोटी ठराव झाला, तिच्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय, ‘फ्लॅट झाले की गावाचा धंदा बसेल.’ मला वाटतं हे नीट बोललं गेलेलं नाही. धंदा फ्लॅटमुळे बसत नाही. तो बसतो रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या सहा फुटी कंपाउंडच्या भिंतीमुळे. आज थांब्यावर उतरलेला माणूस टपरीवर चहा घेतो, शेजारी भाजी घेतो, समोर मोबाइल भरून घेतो. उद्या तिथे नव्वद-शंभर मीटर लांबीची रंगवलेली भिंत, मध्ये कमान, कमानीत वॉचमन. टपऱ्या उठणार, बाजार डांबरावर येणार, पिकअप उभ्या राहायला जागा उरणार नाही. तुमचं भांडण त्या भिंतीशी आहे. मागच्या तीन एकरांत चार मजली इमारती झाल्या की बंगले झाले, यात बाजाराचं काही जात नाही. रस्त्याला लागून पहिले पंधरा-वीस मीटर कुणाचे आणि त्यांचं तोंड कुणीकडे, सगळा खेळ तेवढाच आहे.

घर आणि दुकान ही एकमेकांची वैरी आहेत ही कल्पना मुळात आपली नाही. जुन्या नाशकात भद्रकालीपासून सराफ बाजारापर्यंत फिरा: खाली ओटा आणि दुकान, मागे माजघर, वर बिऱ्हाड. येवल्यात पैठणीचा माग विणकराच्या राहत्या घरातच असतो. तो धंदा कुठल्या झोनमधला, असं तिथे विचारून बघा. सिडकोचं उदाहरण तर माझ्या डोळ्यांदेखतचं. अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत घरं बांधली. लहान, एकसारखी, ओळीने. दुकानांसाठी जागा वेगळ्या आखल्या होत्या. पण घरं भरली, वर्दळ वाढली आणि लोकांनी पुढच्या खोलीची भिंत पाडून शटर लावलं. पवननगर, उत्तमनगरच्या रस्त्यांवर आज संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ते गजबजलेले बाजार आखणाऱ्यांच्या हातून झाले नाहीत. शेजारी हजारो चुली पेटल्या म्हणून ते झाले. ती पुढची शटरं बहुतेक नियमाबाहेरची आहेत हेही खरं, आणि त्याची डोकेदुखी वेगळी. पण दुकान कशावर जगतं हे त्यातून कळतं.

इथेच तुमचा ठराव स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारतो. आठशे-नऊशे घरांचं तुमचं गाव. त्यात आज किराणा, मेडिकल, खताचं दुकान, सलून, पिठाची गिरणी, दोन हॉटेलं असं सगळं आहे आणि त्यांतली निम्मी उधारीवर तग धरून असतील. आणखी चाळीस गाळे काढले तर गिऱ्हाईक कुठून आणणार? गाळ्याला गिऱ्हाईक लागतं आणि गिऱ्हाईक कुठेतरी राहत असतं.

तुम्ही म्हणाल, फ्लॅटवाले गावात कशाला घेतील, ते डी-मार्टमधून भरतात. खरंय. सातपूरला कामाला जाणारं जोडपं महिन्याचा किराणा शहरातून आणणार. त्यावर आशा ठेवू नका. पण दूध, पाव, भाजी, औषध, इस्त्री, पंक्चर, केस कापणं, रात्री आठला आठवलेली कोथिंबीर यांसाठी कुणी बारा किलोमीटर मागे जात नाही. ही दुकानं घरी परतायच्या वाटेवर लागतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून नाशिककडून येताना डाव्या हाताला असलेलं दुकान संध्याकाळी उजव्या बाजूच्या दुकानाला मागे टाकतं. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. भाडं थकलेल्या गाळेवाल्यांनी शिकवली. तुमचं चार एकर रान कोणत्या हाताला येतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे.

माझीच एक चूक सांगतो. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या गावात बाजाराची जागा मी शाळेच्या मागे दाखवली होती. सरकारी जमीन होती, भूसंपादनाची कटकट नव्हती, कागदावर छान दिसत होती. पुढे निधी आला, सिमेंटचे ओटे झाले, पत्रे पडले, उद्घाटनही झालं. भाजीवाल्या बायका तीन बाजार तिथे बसल्या आणि चौथ्या बाजाराला परत थांब्यावर आल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, “साहेब, तिथं देव पण येत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार?” ओट्यांवर पुढे कांदे वाळायला लागले. तेव्हापासून बाजाराची जागा ठरवताना मी आधी फेरीवाला कुठे बसतो ते बघतो.

उलटा किस्साही आहे. शहराच्या पूर्वेला एका गावाने एका प्रकल्पाविरुद्ध इतकी धग लावली की बिल्डरनेच नाद सोडला. गुलाल उधळला गेला. जमीन चार-पाच वर्षं काटेरी तारेत पडून राहिली आणि मग तिथे लॉन्स झालं. आता लग्नतिथीला रस्त्यावर दोन-दोन किलोमीटर गाड्या, रात्री डीजे. बाकी दिवस कुलूप. त्या गावातल्या एका माणसाला तिथून रोज दहा रुपयांची विक्री होत नाही. घरांना ‘नको’ म्हटल्याने दुकान उगवत नाही. मालकाला परवडेल ते उगवतं. नाशिकच्या आसपास मालकाला परवडतं ते लॉन्स, रिसॉर्ट, गोदाम, आणि हल्ली मळ्यातली मिसळ. रविवारी सकाळी शहरातल्या तीनशे गाड्या मिसळ खाऊन जातात हा धंदाच आहे, मला तो आवडतोही, पण त्याने तुमच्या मेडिकलवाल्याचं पोट भरत नाही.

तर बिल्डरकडे काय मागायचं? हिशोब मांडू. चार एकर म्हणजे १६० गुंठे, साधारण १६,१८७ चौरस मीटर. रस्त्याकडची बाजू ९० मीटर धरू; तुम्ही टेपने मोजा. आत जायच्या रस्त्याला १२ मीटर सोडले तर ७८ उरले. साडेतीन मीटर रुंदीचा एक गाळा धरला तर तळमजल्यावर बावीस गाळे बसतात. १६० नवीन कुटुंबं आणि आजचं गाव मिळून बावीस गाळे चालतील का? पहिली दोन वर्षं निम्मेच चालतील, पुढे भरतील असा माझा अंदाज. पण चाळीस कदापि नाही. वरच्या मजल्यावर दुकानं मागूच नका. नाशिक शहरातसुद्धा पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यांची शटरं गंजलेली दिसतात. तुमच्याकडे जिना चढून कोण जाणार?

राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित नियमावली आहे, जिला आम्ही सगळे यूडीसीपीआर म्हणतो, तिच्यात रहिवासी पट्ट्यातही रस्ता पुरेसा रुंद असेल तर तळमजल्यावर दुकानं बसतात. त्यासाठी ‘व्यापारी झोन करा’ म्हणून पालकमंत्र्यांना निवेदन देत फिरायची गरज नाही. आणि बिल्डरला हे पटवणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही, कारण चौरस फुटाला दुकानाचा भाव फ्लॅटपेक्षा जास्त येतो. तो भिंत घालतो ती बहुतेक सवयीने. ‘गेटेड’ म्हटलं की फ्लॅट विकतो अशी त्याची समजूत असते. भिंत गाळ्यांच्या मागे घाल, तोंड रस्त्याकडे ठेव, पुढे आठ-दहा मीटर फरसबंद जागा सोड. तिथे एरवी गाड्या लागतील आणि बाजारच्या दिवशी ताडपत्र्या. हे एक रेखाचित्र घेऊन जा. हाताने काढलेलं असलं तरी चालेल. रेखाचित्र टेबलावर ठेवलं की माणूस त्यावर बोलतो. ठरावावर तो फक्त वकिलाला फोन करतो.

मात्र तोंडी शब्द घेऊ नका. ‘करू ना, गावासाठी काहीतरी करूच’ हे वाक्य मी इतक्या सत्यनारायणांच्या पूजेत ऐकलंय की मोजदाद सोडली. गाळे आणि पुढची मोकळी जागा मंजूर नकाशावर दिसली पाहिजे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठाहून जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे, नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. त्या संकेतस्थळावर मंजुरीचे कागद असतात, ते कुणालाही बघता येतात. नोंदणी झाली की उघडा आणि तुमच्या रेखाचित्राशी ताडून पाहा. त्याआधीची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागा: दहा रुपये, तीस दिवस.

दोन फसगतींबद्दल आधीच सावध करतो. पहिली ‘ओपन स्पेस’ची. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या रानात ती सोळा गुंठे होते. गावकऱ्यांना वाटतं, वा, बाजाराची सोय झाली. ती जागा तिथे राहणाऱ्यांच्या खेळण्या-बसण्यासाठी असते. तिथे बाजार भरवता येत नाही आणि भरवला तर रहिवासी हरकत घेतील, बरोबरच घेतील. दुसरी तुकड्यांची. चार एकरांचे ३,९०० चौरस मीटरचे चार नकाशे वेगवेगळ्या नावांनी सादर झाले, तर समजा की मोकळी जागा टाळायचा बेत आहे. हे मी पाहिलंय, एकदा नव्हे. असं दिसलं तर हरकत लेखी द्या, चारही गटांचे सातबारे आणि आधीचा एकत्र सातबारा जोडा. ही हरकत अधिकाऱ्याला ‘अवलोकन’ करून सोडता येत नाही.

आणि पाणी. तुमच्या तीन पानी ठरावात ‘गावाची संस्कृती’ चार वेळा आलीय आणि पाणी एकदाही नाही, याचं मला नवल वाटलं. १६० घरं, घरटी चार माणसं धरली तर ६४० माणसं. शहरी हिशोबाने माणशी १३५ लिटर धरलं तर रोजचे ८६,४०० लिटर. म्हणजे दहा हजारांचे साडेआठ-नऊ टँकर. जलजीवन मिशनची तुमची योजना माणशी ५५ लिटरवर आणि आजच्या वस्तीवर बेतलेली असणार. मग ही भर कुठून? बोअरमधून. तुमच्याकडे खाली काळा पाषाण, पाणी भेगांत साठतं. एक बोअर खोल गेली की शेजारच्या द्राक्षबागेतली आटते. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते रोजचे जवळपास ६९ हजार लिटर कुठल्या नाल्यात जाणार? हा प्रश्न लेखी विचारा. पाण्याचा स्रोत काय, सांडपाण्याची प्रक्रिया कुठे, पावसाचं पाणी कुठे वळणार. बिल्डरचा घाम इथे निघतो, आणि तो घाम न्याय्य आहे. गावाला नको म्हणून प्रकल्प लहान होत नाही. पाणी नाही म्हणून होतो.

‘बाहेरचे लोक येतील’ हे वाक्य मात्र कागदावर कुठेही येऊ देऊ नका. कायद्याने त्याला काडीची किंमत नाही, आणि कोर्टात ते तुमच्या बाकीच्या चांगल्या मुद्द्यांनाही काळं फासतं. शिवाय गावातल्या किती पोरांनी नाशकात फ्लॅट घेतलेत ते मोजा. तिथे ती बाहेरचीच आहेत.

आता बाजाराच्या जागेचं. इथे मी तुमच्या बाजूचा आहे, पूर्णपणे. आठवडे बाजार दुसऱ्याच्या मालकीच्या रानाच्या कडेला भरत होता, ही मालकाची मेहेरबानी होती. नाशकात बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो, कारण तो काठ सार्वजनिक आहे. तिथून बाजार उठवायचा तर कुणाला तरी जाहीरपणे उठवावं लागेल. तुमच्या बाजाराखालची जमीन विकली गेली तेव्हा बाजाराला कुणी विचारलंसुद्धा नाही. पंचायतीच्या नावावर जागा असल्याशिवाय हे पुन्हा होणार.

‘गायरान आहे की आपलं’ हे उत्तर लगेच येतं. गावाच्या सामायिक जमिनी वाचवण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग निकाल २०११ चा. त्यानंतर त्याच वर्षी राज्याचा शासन निर्णय आला आणि गायरानाला हात लावणं फार अवघड झालं. दुसरी जागाच नाही आणि हेतू निव्वळ सार्वजनिक, असं दाखवलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जाऊ शकतो, पण वर्षं जातात. शिवाय तुमचं गायरान थांब्यापासून किती लांब? शाळेमागचे माझे ओटे आठवा.

दुसरी वाट आरक्षणाची. प्रारूप आराखडा किंवा त्यातला फेरबदल प्रसिद्ध होतो तेव्हा लेखी सूचना द्यायची की या गटात अमुक इतकी जागा बाजारासाठी ठेवा. विकास आराखड्याच्या हरकतींसाठी आता फक्त ३० दिवस मिळतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि गावात ती कुणी वाचत नाही. ग्रामसेवकाला सांगून ठेवा. या टप्प्यावरच्या विरोधात ताकद किती असते ते नाशिककरांनी बघितलंय: शहराच्या विकास आराखड्याचा २०१३ चा मसुदा शेतजमिनींवरच्या आरक्षणांवरून पेटला, बाजूला पडला, नव्याने तयार झाला आणि मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या नगररचना योजनेतही शेतकऱ्यांत दोन तट पडले आणि योजना रखडली. मसुद्यावर बोललात तर ऐकावं लागतं. जेसीबी आल्यावर बोललात तर पोलिसांना बोलावतात.

पण आरक्षण पडलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. ती घ्यायला पैसे लागतात. दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. तुमच्या पंचायतीची घरपट्टी बघता बाजारभावाने थांब्याजवळचे वीस गुंठे घेणं तुमच्या आवाक्यात नाही, हे स्पष्टच सांगतो. म्हणून समावेशक आरक्षणाचा आग्रह धरा. त्यात मालक बाजाराचा भाग बांधून फुकट ताब्यात देतो आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करतो. तुमच्या जागेवर आज असं आरक्षण नसेल, तर बिल्डरशी बोलून दहा-बारा गुंठे थेट पंचायतीच्या नावे करून घेणं हाच जवळचा रस्ता. त्याबदल्यात गावाने काय द्यायचं? जलवाहिनीच्या जोडणीला, गटाराच्या वाटेला, शिवरस्ता रुंद करायला आडकाठी न करणं. या गोष्टी त्याला हव्या असतात आणि त्या तुमच्या हातात असतात. पण हे सगळं जाहीर ग्रामसभेत आणि नोंदणीकृत दस्ताने. दोन-तीन सदस्यांनी शहरातल्या हॉटेलात बसून नव्हे. तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणतोय.

पंचायतीने स्वतः गाळे बांधायचे असतील तर भाडं आणि मुदत आधी ठरवा. अनामत घेऊन पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेले गाळे आणि त्यांत भरलेली सिमेंटची पोती तालुक्यात कमी नाहीत. थोड्या मुदतीचा करार, जाहीर लिलाव, आणि दोन गाळे बचतगटांसाठी राखीव एवढं पुरे. लांब मुदतीने द्यायचे तर जिल्हा परिषदेच्या मंजुरीशिवाय देता येत नाहीत, हे सरपंचांना माहीत असेलच.

पॅकहाऊसचा हट्ट या जागेसाठी सोडा. पॅकहाऊस, शीतगृह, गोदाम हे हिरव्या पट्ट्यातही बसतं. त्यासाठी थांब्याजवळची सोन्याच्या भावाची जमीन कशाला जाळता? तिथे मोठ्या गाड्या वळणार, रात्री अपरात्री क्रेट उतरणार, आणि बाजूला भाजीवाल्या. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्यापासून व्यापारी बांधावर येऊन माल घेऊ शकतो. गिरणाऱ्यात हंगामात रस्त्याकडेला जी टोमॅटोची उलाढाल होते ती पाहिली असेल. त्याला लागतं काय? ट्रक वळेल एवढी जागा, वजनकाटा, सावली. गावाबाहेर रस्त्याला लागून दोन एकर भाड्याने घेऊन शेतकरी कंपनी ते करू शकते, आणि तेही या भांडणाच्या निकालाची वाट न बघता.

एक गोष्ट तपासायची राहू देऊ नका: तुमचा रस्ता कागदावर कोण आहे? इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग की राज्यमार्ग? सिंहस्थ २०२७ च्या तोंडावर नाशिकभोवतीचे रस्ते रुंद होतायत, बाह्य रिंगरोडची कामं निघतायत. उद्या तुमचा रस्ता वाढणार असेल तर बावीस गाळे आज कडेला बांधून परवा पाडायची वेळ येईल. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून प्रस्तावित रुंदी लेखी घ्या आणि गाळ्यांची रेषा त्याच्या मागे आखा.

ठराव एकमताने झाला म्हणता. मला जरा शंका आहे. अशा सभेत आजचे दुकानदार हात वर करतात, कारण नवीन घरं नकोत असं म्हणताना नवीन गाळे तरी त्यांना कुठे हवेत? बाजूचे जमीनमालक गप्प बसतात. हा प्रकल्प झाला तर त्यांच्या रानाचा भाव वाढणार असतो. भाजी विकणाऱ्या बायका, ज्यांचा बाजार खरोखर जातोय, सभेला आलेल्याच नसतात, कारण त्या वेळी त्या दुसऱ्या गावच्या बाजारात बसलेल्या असतात. पुढची सभा घ्याल तेव्हा महिला सभेची वेळ त्यांना विचारून ठेवा आणि ठराव नव्याने लिहा. जुना रद्द करायची गरज नाही. त्याला पुरवणी जोडा. पुरवणीत चारच मागण्या, प्रत्येकीत एक आकडा: रस्त्याकडे तोंड केलेले किती गाळे, पुढे किती मीटर मोकळी जागा, बाजारासाठी पंचायतीच्या नावे किती गुंठे, आणि किती लिटर पाणी कुठून.

त्याआधी येत्या बाजारच्या दिवशी सकाळी नऊ वाजता दोन पोरं, एक पन्नास मीटरची टेप आणि एक वही घेऊन थांब्यावर जा. किती जण बसलेत, प्रत्येकाने किती फूट जागा धरलीय, पिकअप किती आणि कुठे उभ्या आहेत, ते लिहून काढा. संध्याकाळी सहाला परत जाऊन पुन्हा मोजा. झोन दाखल्याबरोबर ती वही मला दाखवा, मग गाळ्यांच्या रेषेचं बोलू.